‘मले माहीत होतं’: रामटेके सरांच्या संगीतिकेचा शेवट

सावली गावच्या बसथांब्यावर एका दुपारी दोन अनोळखी माणसे एकाच बाकावर बसून उकडलेले शिंगाडे खात होती. त्यांतली एक मी. परीक्षेच्या पर्यवेक्षणासाठी मी चंद्रपूरहून सावलीला गेले होते आणि परतीची बस गडचिरोलीकडून येताना वाटेतच बंद पडल्याची बातमी आली होती. शेजारचे गृहस्थ दोन्ही पायांमध्ये हार्मोनियमची पेटी धरून बसले होते. शिंगाडे त्यांचे. त्यांनी न विचारताच कागदाची पुडी आमच्या दोघांच्या मध्ये ठेवली होती. मी एकेक शिंगाडा रुमालात धरून नखाने सोलत होते. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “कॉन्व्हेंटच्या दिसता.”

थांब्यामागच्या ओट्यावर काही बाया धान पाखडत गुणगुणत होत्या. चाल सोपी होती, पण मध्येच अशी वळत होती की मला राहवले नाही. उरलेल्या प्रश्नपत्रिकेच्या पाठीवर मी पाच रेघा ओढल्या आणि ती चाल टिपू लागले. आमच्या शाळेतल्या केरळच्या सिस्टरांनी मला हे स्वरलेखन शिकवले होते. गृहस्थांनी वाकून पाहिले. “हे काय, मुंग्या काढून राह्यल्या का?” मी त्या मुंग्यांवरून चाल पुन्हा गाऊन दाखवली. त्यांनी कागद हातात घेतला, उलटा करून पाहिला, सरळ केला.

“म्हणजे या बाया घरी गेल्या तरी त्याहिचं गाणं इथीच राह्यते?”

मी हो म्हणाले.

“आन् श्वास? थो बी राह्यते?”

श्वास लिहिता येत नाही, असे मी सांगितले.

“मंग अर्धंच राह्यते,” ते म्हणाले आणि उरलेली पुडी माझ्याकडे सरकवली.

ते गृहस्थ म्हणजे आपले रामटेके सर. यंदा सर पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. गौरवग्रंथासाठी लेख मागताना समितीने मला तीन गोष्टी सांगितल्या: सरांचे कार्य, सरांची मूल्ये आणि सरांचा स्नेह यांवर लिहावे, लेख फार लांबवू नये, आणि ‘त्या वादाबद्दल’ काही लिहू नये. पहिल्या दोन सूचना मी पाळीन. तिसरी पाळली तर सरांबद्दल लिहिण्यासारखे काहीच उरत नाही, म्हणून ती पाळणार नाही.

तो वाद आपल्या मंडळींत सर्वांना ठाऊक आहे, तरी बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. सरांनी आयुष्यात एकच संगीतिका रचली: ‘बोडीची सून’. बोडी म्हणजे आमच्याकडचा गावतलाव. ही संगीतिका आजवर दोन व्हायोलिने, एक क्लॅरिनेट, ढोलकी, हार्मोनियम आणि माझा पियानो यांवरच झाली. सरांच्या डोक्यात मात्र ती पहिल्या दिवसापासून पन्नास वादकांची आहे. आता एका मोठ्या शहरातल्या नामवंत संस्थेने ती पूर्ण वाद्यवृंदासह करायची तयारी दाखवली आहे. अट एकच आहे: शेवट बदलायचा. सरांचा डावा कान गेला आहे आणि उजवाही फार काळ साथ देणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. म्हणजे आपली रचना तिच्या पूर्ण आवाजात ऐकायची ही त्यांची पहिली आणि बहुधा शेवटची संधी. ती घ्यावी, असा आग्रह समितीतल्या अनेकांनी धरला आहे. प्रेमापोटीच धरला आहे, हे मी जाणते.

शेवट बदलणे म्हणजे काय, हे कळण्यासाठी आधी सर कळले पाहिजेत.

सरांचे वडील गावोगाव आंबेडकरी जलशांत गात. धर्मांतरानंतरच्या त्या वर्षांत त्यांनी पेटी खांद्याला अडकवून मैलोनमैल पायपीट केली. पेटी त्यांच्याकडून सरांकडे आली. सर जिल्हा परिषदेच्या शाळेत संगीत शिक्षक झाले आणि धानाची कापणी आटोपली की झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन वाजवू लागले. आमच्याकडे नाटकाचा हंगाम म्हणजे गावाचा सण. त्या हंगामात ऑर्गनवाल्या मास्तरांचा मान मोठा. पाहुणचाराला कोंबडे ठरलेले.

एका गावी मंडप भरत असताना सरांनी पाहिले की त्यांच्याच समाजाच्या वस्तीतून आलेल्या बायांना मागे, जनरेटरच्या बाजूला बसवले जात आहे. पुढे जागा रिकामी होती. सरांनी काही भाषण केले नाही. ऑर्गनचे झाकण लावले आणि त्यावर हाताची घडी घालून बसून राहिले. व्यवस्थापक धावत आले, “का जी मास्तर, सुरू करा ना, लोक वाट पाहून राह्यले.” सर म्हणाले, “मी बी वाटच पाहून राह्यलो.” बाया पुढे येऊन बसल्या तेव्हा झाकण उघडले. हा प्रसंग मला त्या व्यवस्थापकांनीच पुढे हसत हसत सांगितला. त्यानंतर सर ज्या गावी वाजवायला जात, तिथे बसण्याची व्यवस्था आधीच नीट केलेली असे, असेही ते म्हणाले.

सरांच्या स्नेहाबद्दल एकच सांगते. माझे पती गेले त्या वर्षी मी पियानोचे झाकण लावले होते. सांत्वनाला सर आले, चहा घेतला, गेले. दुसऱ्या दिवशी दोन मुली दारात: शाळेची पेटी बिघडली आहे, इथे सराव करू का? त्यानंतर तीन मुलगे: वर्गात वाळवी लागली आहे. मग आणखी कोणी. चंद्रपुरातल्या सगळ्या पेट्या एकाच वर्षी बिघडल्या. संध्याकाळी माझ्या घरात कधी शांतता म्हणून उरली नाही. एका मुलीचा पंचम सारखा घसरत होता. मी स्वयंपाकघरातून ओरडून सुधारला आणि ओरडता ओरडता आपण पुन्हा गातो आहोत हे माझ्या ध्यानात आले. सरांकडे मी हा विषय काढला तेव्हा ते फक्त म्हणाले, “वाळवी लई वाईट, बाई.”

त्याच सुमारास ‘बोडीची सून’ सुरू झाली. सरांनी ती गोष्ट लहानपणी ऐकली होती, पण संगीतिका करायची तर जिची गोष्ट आहे तिच्या तोंडून ऐकायची आणि तिला विचारायचे, असा त्यांचा हट्ट. म्हणून उन्हाळ्यात एका सकाळी आम्ही सावलीपलीकडच्या एका गावी पार्वताबाईंकडे गेलो. पार्वताबाई मासेमारी करणाऱ्या कुटुंबातल्या, अंगाने बारीक, आवाजाने मोठ्या. दरवर्षी बोडीत मासेमारीचे पहिले जाळे पडण्याआधी पाळीवर, म्हणजे तिच्या बांधावर, बसून ही गोष्ट सांगायची, असा त्या गावाचा रिवाज. पूर्वी ती संध्याकाळी सांगत. त्या वर्षी पाळीपलीकडच्या झुडपांत वाघीण पिल्ले घेऊन बसलेली, म्हणून कार्यक्रम सकाळी, उन्हात.

गोष्ट अशी. पाटलाने बोडी खणली, पण पाळ टिकेना. दर पावसाळ्यात फुटायची. जाणत्यांनी ठरवले, बोडी माणूस मागते. पाटलाच्या घरी वैनगंगेपलीकडून नवी सून आलेली. गावात तिचे कोणी नव्हते. तिला सांगितले, नवऱ्याचा विळा कोरड्या बोडीच्या तळाशी राहिला आहे, घेऊन ये. तिची वेणी घालणाऱ्या बाईला माहीत होते. तिला लुगडे देणाऱ्या सासूला माहीत होते. तुडुंब भरलेल्या नाल्याचे तोंड उघडायला उभ्या असलेल्या माणसाला माहीत होते. वाटेत तिला रामराम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत होते. कोणी बोलले नाही. ती उतरली, पाणी आले, पाळ टिकली. आजही टिकून आहे.

इथे गोष्ट संपली असे मला वाटले. पण पार्वताबाई उठल्या नाहीत. त्यांनी समोर बसलेल्यांकडे पाहून विचारले, “कोणाले माहीत होतं?” आणि एका टोकापासून प्रत्येकाने उत्तर दिले, “मले माहीत होतं.” म्हाताऱ्यांनी, नव्या सुनांनी, कडेवरच्या लेकरासाठी त्याच्या आईने. जाळी खांद्यावर घेतलेली माणसे खोळंबून उभी होती. सरांनीही म्हटले. माझी पाळी आली. मी पाहुणी, शहरातली. मी नुसती मान हलवून हसले.

पार्वताबाई थांबल्या. सगळे माझ्याकडे पाहू लागले.

“बाई, तुमी मच्छी खाता का नाई?”

“खाते.”

“कुठची खाता? बोडीचीच ना? चंद्रपूरले तुमच्या बजारात आमचीच जाते.”

मी हो म्हणाले.

“भात?”

“तोही.”

“मंग माहीत नाई कसं?”

मी म्हटले, “मला माहीत होतं.” माझ्या आवाजात ते वाक्य कसे तरीच वाटले, पण त्यांनी चालवून घेतले. मग जाळी पाण्यात गेली.

परत निघताना सरांनी गोष्टीसाठी परवानगी मागितली. पार्वताबाईंनी खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू, चोळत विचार केला आणि म्हणाल्या, “नेजा. नाचवा, गावा, तुमच्या त्या पेट्या-बिट्या लावा. पण इच्यारल्याबिना उठू नका.” सरांनी शब्द दिला. कागद नाही, साक्षीदार नाही; मी होते एवढेच.

त्यानंतर कसोटी सुरू झाली. सांगितलेली गोष्ट आणि रचलेली संगीतिका यांत किती अंतर असते, हे आम्हाला ठाऊक नव्हते. पार्वताबाई ‘पाणी’ हा शब्द मनाला येईल तेवढा ताणत. एकदा दोन मात्रा, एकदा अकरा. मी रेघा आखून बसले की सर म्हणत, इथे रेघा नकोत. मग व्हायोलिनवाल्यांनी काय मोजायचे? सरांनी तोड काढली: “मोजू नका. गाणारीच्या खांद्याकडं पाहा. खांदा खाली आला का उचला गज.” बसथांब्यावरचा तो श्वास असा आमच्या रचनेत आला. लिहिता आला नाही, पण पाहता आला.

दुसरी अडचण पार्वताबाईंच्या खर्ऱ्याची. गोष्ट सांगताना त्या एका ठिकाणी थांबून खर्रा तोंडात टाकत, आणि ते ठिकाण नेहमी एकच: जाणत्यांनी ठरवले, त्याच्या लगेच नंतर. सरांनी ती शांतता जशीच्या तशी ठेवली. पहिल्या तालमीला नागपूरहून आलेल्या व्हायोलिनवादकांना वाटले बाकीचे विसरले, म्हणून ते बिचारे आपल्या मनाने वाजवू लागले. सर म्हणाले, “भाऊ, बाई खर्रा खाऊन राह्यली. तुमी काऊन घाई करता?” त्यांना काहीच कळले नाही, पण पुढे ती शांतता त्यांच्याइतकी कोणी सांभाळली नाही.

भाषेबद्दलही पुष्कळांनी सुचवले की संगीतिका हा मोठा प्रकार, त्यात झाडीबोली हलकी वाटेल, लोक हसतील. सरांचे म्हणणे असे की बुडालेली मुलगी याच बोलीत हाका मारत असणार.

पहिला प्रयोग चंद्रपुरात झाला. शेवटाचे काय करायचे, यावर आम्ही खूप खल केला होता. तिकीट काढून आलेले प्रेक्षक ‘मले माहीत होतं’ म्हणणार कसे? त्यांना रिवाज ठाऊक नाही. शेवटी ठरले की ते उत्तर वृंदाने गायचे. मी शाळेच्या चॅपलमध्ये लहानपणी गायलेल्या चार आवाजांच्या पद्धतीने ते बांधले. खर्ज खाली थांबतो, वरचे आवाज एकेक करून उतरतात, ‘मले माहीत होतं’ शेवटी सगळ्यांच्या तोंडी एकत्र येते. मी आयुष्यात काही चांगले रचले असेल तर तेच. प्रेक्षक उभे राहिले. टाळ्या थांबेनात. माणसे बाहेर पडताना एकमेकांना सांगत होती, किती सुंदर, अंगावर काटा आला. एका कुटुंबाने तर शेवटची चाल गुणगुणतच रिक्षा थांबवली.

मी आनंदाने विंगेत गेले. सर पेटीवर बसले होते.

“बाई,” ते म्हणाले, “लोक खुश होऊन गेले.”

मी म्हणाले, हो ना.

“म्हणजे आपलं चुकलं.”

मी भांडले. चांगली भांडले. म्हणाले, सौंदर्य हा काही गुन्हा नाही, लोकांना रडवायचे आहे का तुम्हाला, मी त्या चार आवाजांसाठी महिनोनमहिने घालवले आहेत. सरांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, “कबुली त्याहिनं द्यायची होती. आपण गाऊन त्याहिले मोकळं करून देल्लं.” मी दोन आठवडे त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या आठवड्यात सर घरी आले आणि माझ्यासमोर बसून त्यांनी ते चार आवाज लग्नाच्या प्रवेशात लावले, जिथे सगळे गाव नव्या सुनेचे स्वागत करते. तेच स्वर, शब्द वेगळे. मी वाजवून पाहिले. ज्यांनी पुढे गप्प राहायचे होते ते इथे इतके गोड गात होते की ऐकवेना.

शेवटात मग काहीच उरले नाही. वाद्ये थांबतात. गोष्ट सांगणारी बाई पुढे येते, दिवे प्रेक्षागृहात लागतात, ती साध्या आवाजात विचारते आणि थांबते. कितीही वेळ थांबते. पडदा नाही.

या नव्या शेवटासह पहिला प्रयोग गडचिरोलीच्या सभागृहात झाला. पुढच्या रांगेत अधिकारी, मागे शिक्षक, कर्मचारी, कॉलेजची मुले, दाराशी बंदोबस्तावरचे पोलीस. प्रश्न विचारला गेला. कोणी बोलेना. व्हायोलिनवाल्यांनी गज मांडीवर ठेवले होते. मी पियानोशी बसले होते आणि मला माझे चार आवाज फार आठवत होते. दोन पट्ट्या दाबल्या असत्या तरी सगळ्यांची सुटका झाली असती. पहिल्या रांगेतले एक गृहस्थ घड्याळ पाहू लागले. कोणी खोकले. एक कुटुंब उठून बाजूच्या दाराने गेले. सर विंगेत उभे होते, दोन्ही हात पाठीमागे बांधून, आणि मी त्यांच्याकडे पाहिले तर त्यांनी हळूच मान हलवली: नाही, हात लावू नका.

मग दारातून आवाज आला. बंदोबस्तावरची एक महिला शिपाई, पाठ भिंतीला टेकून उभी. “मले माहीत होतं.” जोरात नाही. हजेरी द्यावी तशी. त्यानंतर मागच्या रांगेतून एक. मग मधून कोणी. कोणी नुसते पुटपुटले. पुढच्या रांगेत शेवटपर्यंत एक-दोनच आवाज आले. टाळ्या वाजल्या नाहीत. लोक खुर्च्यांचा आवाज न करता बाहेर पडले.

अध्यक्ष म्हणून आलेल्या पाहुण्यांनी चहाच्या वेळी स्पष्टच सांगितले की प्रेक्षकांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे ही कला नव्हे. सर म्हणाले, “पिंजरा नाई जी, पाळ आहे ती. आपण सारे तिच्यावरच बसलो.” त्या पाहुण्यांनी पुन्हा कधी आम्हाला बोलावले नाही. त्याच गर्दीत खाणीवर नोकरी करणारे एक तरुण इंजिनिअर सरांपाशी घुटमळत होते. त्यांनी विचारले, “सर, तिथं मला जमलं नाही. घरी जाऊन म्हटलं तर चालेल का?”

“चालते. पण मोठ्यानं म्हणजा. घरच्याहिले ऐकू आलं पाहिजे.”

परतीच्या वाटेवर, वैनगंगेच्या पुलावर, सर म्हणाले, “आज कोणी टाळ्या वाजवल्या नाई. जमलं.”

आता त्या संस्थेच्या प्रस्तावाकडे येते. त्यांचे प्रतिनिधी चंद्रपुरात सरांच्या घरी आले तेव्हा मी तिथे होते. माणूस सज्जन, अभ्यासू, सरांविषयी मनापासून आदर असलेला. त्यांनी आपल्या वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण सरांच्या उजव्या कानाशी धरले. चेलोंचा आवाज आला तेव्हा सरांचे डोळे मिटले. इतक्या वर्षांत मी सरांना काही मागताना पाहिले नाही. त्या क्षणी त्यांना ते हवे होते, इतके हवे होते की मी खिडकीबाहेर पाहिले.

मग त्या गृहस्थांनी त्यांच्या कल्पनेतला शेवट सांगितला. प्रश्न नाही. निळा प्रकाश, धूर, आणि बोडीतून सून देवी होऊन वर येते, गावाला आशीर्वाद देते, पूर्ण वाद्यवृंद वाजतो. लोक समाधानाने घरी जातील. शिवाय खरोखरच अनेक गावांत अशा सुनेची देवी होतेच, हे परंपरेला धरूनही आहे.

सरांनी डोळे उघडले. “हाव, होते,” ते म्हणाले. “देवी केली का सगळे सुटतेत. मंग कोणालेच काही माहीत नव्हतं.”

प्रतिनिधींनी पुन्हा विचार करायला सांगितले, वर्षभर वाट पाहू म्हणाले. सर म्हणाले, विचार करण्यासारखे त्यात काही नाही. त्यांना दारापर्यंत सोडायला गेले, त्यांच्या वाद्यवृंदाची पुन्हा तारीफ केली, राजुऱ्याकडचा रस्ता खराब आहे, जपून जाजा म्हणाले. आत आल्यावर मला वाटले ते दमले असतील. ते म्हणाले, “बाई, चेलो लई गोड होते. पण शब्द देऊन बसलो.”

समितीतल्या मित्रांनो, आपल्यापैकी अनेकांनी मला विचारले आहे की पार्वताबाई आता हयात नाहीत, तर शब्द कोणासाठी पाळायचा? पार्वताबाईंची सून वनिता दर उन्हाळ्यात त्याच पाळीवर बसून तोच प्रश्न विचारते. तिच्यासमोर बसून आम्ही काय उत्तर देणार? आणि परंपरा म्हणून आपण जी उचलतो, तिच्यातला फक्त आपल्याला झेपेल तेवढाच भाग नेणार असू, तर ते नेणे नव्हे. आपल्या या दोन जिल्ह्यांतून पुष्कळ काही बाहेर नेले गेले आहे: कोळसा, लाकूड, बांबू, वीज. प्रत्येक वेळी कोणाला तरी माहीत होते. एका म्हाताऱ्या माणसाने एकदा नाही म्हटले, तर त्याला हटवादी म्हणू नका. सरांचा गौरव करायला आपण जमलो आहोत ना? त्यांनी केलेली सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे, आणि ती त्यांनी या वर्षी केली आहे.

सरांना माझ्या वाचकांनी उदंड आयुष्य चिंतावे, चांगले गुडघे चिंतावेत, आणि विशेषतः त्यांचा उजवा कान शाबूत राहो असे रोज म्हणावे. तो कान आमच्यातला सर्वांत कडक परीक्षक आहे आणि मला अजून त्याच्याकडून पुष्कळ बोलणी खायची आहेत.

सरांनी मला सांगून ठेवले आहे ते इथे छापले जावे, म्हणजे पुढे कोणी विचारणार नाही. ‘बोडीची सून’ची पहिली संपूर्ण प्रत वनिताबाईंच्या घरी राहील. ज्यांना प्रयोग करायचा असेल त्यांनी तिच्या गावी जाऊन, तिला भेटून मागावी. ती नाही म्हणाली तर परत यावे. वाद्यांचे सुटे भाग वडसा भागातल्या नाटकवाल्या वादकांना द्यावेत. हाताशी असेल ते वाद्य वाजवायला त्यांना मोकळीक आहे, सिंथेसायझरवर केले तरी सर रागावणार नाहीत. शाळांना त्या मागतील तशी प्रत द्यावी, फक्त शेवटी शिक्षकांनीही उत्तर दिले पाहिजे. वडिलांची पेटी सरांच्या विद्यार्थिनींपैकी जी गावोगाव फिरायला तयार असेल तिला. समारंभात मिळणाऱ्या शाली गडचिरोलीच्या त्या प्रयोगात गायलेल्या बायांना वाटाव्यात; मानपत्र सरांना नको आहे, ते समितीने ठेवावे. शहरातल्या संस्थेला पूर्ण संच, पन्नास वादकांच्या मांडणीसह, आनंदाने द्यावा, पण शेवटच्या पानासकट. एकही पान कमी घेणार असतील तर त्यांना फक्त चहा द्यावा.

आणि जिथे कुठे प्रयोग होईल तिथे पहिल्या रांगेत, रंगमंचाकडे उजवा कान होईल अशी कोपऱ्यातली खुर्ची सरांसाठी ठेवावी. येणारी अनेक वर्षे ठेवावी. कितीही मोठा पाहुणा आला तरी ती त्याला देऊ नये.